महाल ते इतवारी : नागपूरची जुनी वस्ती पायी कशी पाहावी

पाहुणे आले की आपण नागपूरकर त्यांना दीक्षाभूमी दाखवतो, फुटाळ्यावर नेतो, झिरो माइलच्या खांबापाशी फोटो काढतो आणि सावजीच्या रश्श्याने डोळ्यांत पाणी आणून परतीच्या गाडीत बसवून देतो. महाल मात्र राहून जातो. त्याचे कारण सरळ आहे. महालात तिकीट काढून आत जावे असे स्थळ जवळजवळ नाही. जे आहे ते सगळे रोजच्या वापरातले आहे. तीनशे वर्षांच्या दरवाज्यापाशी ई-रिक्षा सवारी घेते, वाड्याच्या देवडीत झेरॉक्सचे दुकान असते आणि कोरीव देवळाच्या ओट्यावर लसणाची वाटणी चाललेली असते. त्यामुळे ही वस्ती पाहण्याची रीतही निराळी ठेवावी लागते. पाटी वाचून पुढे सरकण्याऐवजी येथे नावे, ओळी आणि धंदे वाचावे लागतात, आणि आपण कोणाच्या तरी घराच्या अंगणातून चाललो आहोत याचे भान सतत ठेवावे लागते. पुढे दिलेला मार्ग साधारण चार-पाच किलोमीटरचा असून, रेंगाळत चालल्यास त्याला साडेतीन ते चार तास लागतात.

निघण्यापूर्वी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर सहज जातो आणि अरुंद गल्ल्यांतून वारा फिरत नाही, त्यामुळे त्या दिवसांत सकाळी नऊनंतर हा बेत करूच नये. हिवाळ्यातही साडेसहा-सातला सुरुवात करावी. तासाभराने दुकानांची शटरे वर जाऊ लागतात आणि वाड्यांचे दर्शनी भाग फ्लेक्स, ताडपत्री व लटकवलेल्या मालाच्या आड जातात. ज्यांना लाकडी कोरीवकाम पाहायचे आहे त्यांच्यासाठी पहिला दीड तासच खरा कामाचा आहे. ज्यांना बाजार पाहायचा आहे त्यांनी अकराच्या पुढे इतवारीत पोहोचावे. या मार्गाची आखणी दोन्ही साधतील अशी केली आहे.

वार निवडताना एक गंमत ध्यानात ठेवावी. इतवारी म्हणजे रविवारची, परंतु तेथील बहुतेक ठोक दुकाने रविवारीच बंद असतात. शांतपणे इमारती पाहायच्या असतील तर रविवार उत्तम, व्यवहार पाहायचा असेल तर मंगळवार ते शनिवारमधील कोणताही दिवस.

वाहन घरीच ठेवावे. ही सूचना अनुभवातून आलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका मित्राला महाल दाखवण्यासाठी मी स्कूटर घेऊन निघालो आणि इतवारीच्या एका ओळीत तांदळाचे कट्टे भरलेल्या हातगाडीच्या मागे पस्तीस मिनिटे उभा राहिलो. मागे वळायला जागा नव्हती आणि पुढे सरकायला वाट नव्हती. हातगाडीवाला मात्र निवांत होता. मला म्हणाला, “भाऊ, इथं गाडी घेऊन कोण येते?” तेव्हापासून मेट्रोनेच जातो. सीताबर्डीच्या स्थानकात गाडी बदलून प्रजापती नगरकडे जाणारी ॲक्वा मार्गिका धरावी. सीताबर्डी ते प्रजापती नगर हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून जुन्या शहराला जाणे फार सोपे झाले आहे. सुरुवातीसाठी कॉटन मार्केट स्थानकावर उतरावे आणि परतताना अग्रसेन चौक किंवा चितारओळी चौक यांपैकी जे जवळ पडेल ते स्थानक घ्यावे.

सोबत पाण्याची बाटली, सुटे पैसे, डोक्याला बांधायला दुपट्टा आणि सहज काढता-घालता येतील अशा चपला असाव्यात, कारण देवळे वाटेत बरीच लागतात. मोबाइलवरील नकाशा मोठ्या रस्त्यांपुरता चालतो. बोळात शिरल्यावर तो कधी भिंतीतून वाट दाखवतो, तेव्हा पानठेल्यावर विचारणेच बरे.

आधी नावे वाचावीत

चालायला लागण्यापूर्वी पाच मिनिटे नावांचा विचार करावा, कारण येथे इमारती पडल्या तरी नावे टिकून आहेत. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास नाग नदीच्या काठच्या बारा वाड्या-पाड्या एकत्र करून हे शहर वसवले. दिल्लीला औरंगजेबाच्या दरबारी जाऊन त्याने इस्लाम स्वीकारला होता आणि बख्त बुलंद हे नावही त्याला तेथेच मिळाले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी येथे आणली, शहराभोवती कोट बांधला आणि तलाव खोदवला. चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारसाहक्काचा तंटा उभा राहिला. तेव्हा त्याची विधवा राणी रतनकुंवर हिने रघुजी भोसले यांना मदतीला बोलावले. मदतीला आलेले रघुजी येथेच राहिले आणि पुढे सत्ता त्यांच्या हाती गेली.

या पार्श्वभूमीवर नावे ऐकावीत. बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी, इतवारी ही आठवडी बाजारांची नावे आहेत. सराफा ओळ, लोहा ओळ, भांडे ओळ, चितारओळ ही कारागिरांची आणि व्यापाऱ्यांची. ‘ओळ’ हा आपला खास शब्द आहे. पुण्यात जिथे ‘आळी’ म्हणतात तिथे आपण ‘ओळ’ किंवा ‘ओळी’ म्हणतो. तुळशीबाग, बेलबाग, मोतीबाग, केळीबाग या नावांतल्या बागा आज शोधूनही सापडणार नाहीत, पण एके काळी या दाट वस्तीत मोकळी जागा आणि विहिरीचे पाणी किती होते याचा त्यावरून अंदाज येतो. गाडीखाना म्हणजे जिथे गाड्या ठेवल्या जात. मस्कासाथ म्हटले की लोण्याचा बाजार डोळ्यांपुढे येतो. माझा सल्ला असा आहे की एक छोटी वही घ्यावी आणि चालताना दुकानांच्या पाट्यांवरील पत्त्यांतून अशी नावे टिपत जावीत. अर्धा इतिहास पाट्यांच्या खालच्या ओळीतच असतो.

पहिला टप्पा : जुम्मा तलाव

कॉटन मार्केट स्थानकापासून चालत गेल्यास गांधीसागर तलाव लागतो. जुने लोक त्याला अजूनही जुम्मा तलाव किंवा शुक्रवारी तलाव म्हणतात. गोंड राजवटीतील हा तलाव शहराच्या कोटाबाहेर पश्चिमेला होता, आणि म्हणून येथूनच सुरुवात करणे योग्य. जुन्या काळचा प्रवासी जसा पाण्यापाशी थांबून मग दरवाज्यातून शहरात शिरत असेल, तसेच आपणही शिरावे.

तलावाच्या काठी उभे राहून एक दुसरी गोष्टही आठवावी. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल याच परिसरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून त्याच दिवशी घोषित करण्यात आले आणि गिरणीचे नाव त्यावरून पडले. जागा दलदलीची होती. गिरणीला कर्ज नाकारणाऱ्या येथील एका सावकाराने, हा माणूस खड्ड्यात सोने ओतून माती भरतो आहे, अशी टर उडवली होती आणि काही वर्षांनी, त्याने माती ओतून सोने काढले, अशी कबुली दिली, असा किस्सा सांगितला जातो. आज त्या जागेवर मॉल आणि निवासी मनोरे आहेत. गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी अजून महालात भेटते. ओट्यावर बसलेल्या एखाद्या काकाजींना भोंग्याविषयी विचारून पाहावे, अर्धा तास कसा जातो ते कळत नाही.

तलावाच्या पाण्याबद्दल फार अपेक्षा ठेवू नये. काठावरून पूर्वेकडे टिळक पुतळ्याच्या बाजूने निघावे.

दुसरा टप्पा : गांधी गेट आणि किल्ला

टिळक पुतळ्यापासून काही मिनिटांत गांधी गेट येते. हाच जुना जुम्मा दरवाजा. शहराच्या कोटाचे जे थोडे अवशेष उरले आहेत त्यांतील हा सर्वांत ठळक आहे. त्याच्याजवळ शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा असून शिवजयंतीला सगळा महाल तेथे लोटतो. गोंडांनी बांधलेला दरवाजा, त्याला गांधीजींचे नाव आणि शेजारी शिवाजी महाराज, असे तीन काळ एका चौकात उभे आहेत. दरवाजा पाहताना रस्त्याच्या मधोमध उभे राहू नये. वाहने कमानीपाशी वेग कमी करतीलच असे नाही. एका बाजूला सरकून दगडांचे सांधे, कमानीचा आकार आणि नंतरच्या काळात चढवलेले चुन्याचे व रंगाचे थर निरखावेत. आत शिरताना रस्ता किती आवळला जातो हेही पाहावे, कारण एके काळी शहरात येणारी प्रत्येक बैलगाडी याच मापातून आत जात होती.

दरवाज्याच्या आत थोडे आडबाजूला ‘किल्ला’ हा भाग आहे. ‘गोंडराजाचा किल्ला कुठे?’ असे विचारल्यास कोणीही वाट दाखवते. सीताबर्डीच्या टेकडीवरील लष्करी किल्ल्याशी याची गल्लत करू नये, तो वेगळा. हा गोंड राजांच्या निवासाचा कोट होता आणि त्याची आता दरवाज्या-भिंतींपुरतीच ओळख उरली आहे. तरीही हे ठिकाण टाळू नये. रघुजींनी सत्ता घेतल्यावर गोंड राजा बुऱ्हाण शाह याला हाकलून दिले नाही. त्याला नागपुरातच ठेवले, त्याचा मान आणि तनखा चालू ठेवला, आणि कारभार मात्र स्वतः केला. भोसले गादीवर आणि जुना राजा हाकेच्या अंतरावर, अशी ही व्यवस्था अनेक पिढ्या चालली. एका शहरात दोन राजघराणी शेजारी नांदण्याचा हा प्रकार मला नागपूरच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण भाग वाटतो, आणि महालाच्या फेरफटक्यात तो बहुधा कोणी सांगतच नाही. किल्ल्याच्या भागात लोक राहतात, तेव्हा दारे उघडी दिसली तरी विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नये.

तिसरा टप्पा : राजवाडा, कोतवाली, बडकस चौक

‘महाल’ हे नावच भोसल्यांच्या राजवाड्यावरून आले आहे. मूळचा वाडा काळ्या दगडाचा आणि लाकडावरील कोरीवकामाने सजलेला होता. १८६४ मध्ये तो आगीत भस्म झाला आणि त्याचा मोठा दरवाजा तेवढा वाचला. त्याच्या दहा वर्षे आधी राज्य गेलेच होते. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये औरस पुत्राशिवाय वारले, डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा झाले. वाड्यातील हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात मातीमोल विकले गेले आणि दागिने कलकत्त्याच्या बाजारात गेले. आज जो राजवाडा उभा आहे त्याला लोक ‘मोठा राजवाडा’ किंवा ‘सीनियर भोसला पॅलेस’ म्हणतात. तो खासगी निवास आहे. सणासुदीच्या दिवशी, विशेषतः मस्कऱ्या गणपतीच्या वेळी, लोकांना तेथे दर्शनाला जाता येते. एरवी बाहेरून पाहून पुढे निघावे. हा मस्कऱ्या किंवा हाडपक्या गणपती नागपूरचाच. इतरत्र विसर्जन आटोपून पितृपक्ष सुरू होतो तेव्हा येथे गणपती बसतो. बंगालच्या स्वारीवरून भोसल्यांचे सैन्य परतले तोवर गणेशोत्सव संपून गेला होता, म्हणून पितृपक्षातच उत्सव केला, अशी त्यामागची हकिकत सांगतात.

राजवाड्यापासून कोतवाली आणि बडकस चौक यांच्या दरम्यान जे बोळ आहेत त्यांत या फेरीतील खरे धन आहे. येथे घाई करू नये. चौकाकडे जाणारा मोठा रस्ता सोडून डावी-उजवीकडे वळावे आणि नजर पहिल्या मजल्यावर ठेवावी, कारण खालचा मजला दुकानांनी बदलून टाकला असला तरी वरचे सज्जे अनेक ठिकाणी जुनेच आहेत.

एखादा वाडा कसा पाहावा ते सांगतो. प्रथम दार. मोठ्या दरवाज्यात कापलेली छोटी दिंडी आहे का, दारावर लोखंडी फुल्या आहेत का, चौकटीच्या माथ्यावर गणेशपट्टी आहे का, हे पाहावे. उंबरठा मधोमध झिजून खोलगट झालेला असतो. त्यावर हात फिरवून पाहावा. मग देवडी, जिथे पूर्वी पहारेकरी बसत आणि आता बहुधा दुचाक्या उभ्या असतात. देवडीतून चौक दिसला तर चौकाभोवतीच्या सागवानी खांबांकडे लक्ष द्यावे. दगडी तळखड्यावर खांब, त्याच्या डोक्यावर केळफुलासारखी किंवा कमळासारखी घडण, त्यातून दोन बाजूंना निघालेले हात आणि त्यावर तुळई, अशी ही रचना आहे. सागवान येथे मुबलक मिळे, त्यामुळे सुताराने हात आखडता घेतलेला नाही. एका वाड्यात मी पाहिलेल्या खांबाच्या हाताखाली पोपट कोरलेला होता आणि त्याच्या चोचीला कोणीतरी वीज मंडळाची वायर अडकवली होती. घरच्या आजींना ते दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगंबाई, हा रावा आहे का! मी तर लग्न होऊन आल्यापासून ह्याला कणीसच समजून राहिली होती.”

आत जायचे असेल तर बाहेरूनच आवाज द्यावा, नाव आणि काम सांगावे, आणि नकार आला तर हसून पुढे व्हावे. “काकू, वाडा पाहू का?” एवढे पुरते. फोटो काढण्यापूर्वी प्रत्येक वेळी विचारावे, वाळत घातलेल्या कपड्यांचे आणि लहान मुलांचे फोटो टाळावेत. अनेक वाड्यांमध्ये वाटण्यांचे वाद चालू असतात. हातात मोठा कॅमेरा घेऊन भिंती निरखणारा अनोळखी माणूस बिल्डरचा की वकिलाचा, अशी शंका घरच्यांना येणे साहजिक आहे.

याच परिसरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे मुख्यालय आहे. संघाची स्थापना १९२५ च्या विजयादशमीला डॉ. हेडगेवार यांच्या महालातील घरी झाली. मुख्यालयाभोवती कडक बंदोबस्त असतो. तेथे छायाचित्रे घेत थांबू नये.

देवळे

महालातील भोसलेकालीन देवळांची यादी केली तर दिवस पुरणार नाही. त्यामुळे दोन-तीनच निवडावीत. रुक्मिणी मंदिर आणि कल्याणेश्वर मंदिर ही पहिल्या फेरीसाठी पुरेशी आहेत. पाताळेश्वर आणि अयाचित मंदिर वाटेत आले तर पाहावे. या काळच्या देवळांचे वैशिष्ट्य असे की लांबून ती साधी वाटतात आणि जवळ गेल्यावर दगड बोलायला लागतो. शिखरावर लहान लहान शिखरांची रांग, मंडपाच्या खांबांवर वेलबुट्टी, कोनाड्यांत देवदेवता आणि वाद्ये वाजवणाऱ्या मूर्ती, आणि या सगळ्यावर अलीकडे ऑइल पेंटचा थर. रंगाविषयी माझे मत कडक आहे: पांढरा आणि केशरी ऑइल पेंट चढवून आपण दगडाचा श्वास कोंडतो आणि नक्षीची धार बुजवतो. तरीही पुजाऱ्यांशी त्यावर वाद घालू नये. सकाळी आठच्या सुमारास ऊन तिरपे येते तेव्हा रंगाखालचीही नक्षी उठून दिसते, म्हणून तीच वेळ साधावी. दुपारी बारा ते चार गाभारे बहुधा बंद असतात.

ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी शुक्रवारीच्या बाजूला काशीबाई देवळाचा परिसर आणि भोसले घराण्याच्या समाध्या पाहण्यासाठी तासभर राखून ठेवावा. हा भाग मुख्य वाटेपासून थोडा बाजूला पडतो, पण महालाच्या गर्दीनंतर तेथील शांतता सुखावते.

न्याहारी

साडेआठ-नऊच्या सुमारास भूक लागते. तर्री पोहे हे उत्तर ठरलेले. पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा, म्हणजे तर्री, आणि वरून कांदा व शेव. सवय नसलेल्यांनी “तर्री कमी” असे आधीच सांगावे. सांबारवडी मिळाली तर सोडू नये. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे बाहेरच्या पाहुण्याला समजावून सांगावे, नाहीतर तो दाक्षिणात्य सांबार शोधत बसतो. दुकान मी सुचवत नाही. ज्या ठेल्यापाशी कढई पेटलेली आहे आणि उभे राहायला जागा नाही, तेथे खावे.

चौथा टप्पा : चितारओळ

बडकस चौकाकडून सेंट्रल ॲव्हेन्यूच्या दिशेने निघाले की चितारओळ लागते. नागपूरच्या गणपती आणि दुर्गेच्या मूर्तींचे हे माहेर. वर्षभर येथे काही ना काही चालू असते, परंतु आषाढापासून अनंत चतुर्दशीपर्यंत आणि पुढे नवरात्रापर्यंत या ओळीचे रूपच बदलते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ताडपत्रीचे मांडव पडतात, त्यांत अर्धवट घडलेले देव दाटीने उभे राहतात आणि चालायला एका माणसापुरती फट उरते.

येथे किमान अर्धा तास थांबावे आणि एकाच मूर्तीचे काम सुरुवातीपासून समजून घ्यावे. आधी लाकडाचा आणि बांबूचा सांगाडा उभा करतात. त्यावर धानाचे तणस सुतळीने घट्ट आवळून धड, मांड्या, दंड यांचा फुगीर आकार आणतात. पूर्व विदर्भात धान पिकते, त्यामुळे तणसाला तोटा नाही. मग त्यावर मातीचा जाड थर देतात. तो वाळताना तडे जातात, तेव्हा बारीक चाळलेल्या मातीचा पातळ हात फिरवून ते बुजवतात आणि ओल्या फडक्याने अंग गुळगुळीत करतात. बोटे आणि चेहरा वेगळे घडवून बसवतात. पांढरा हात झाला की रंग, मग दागिने, आणि सर्वांत शेवटी डोळे.

डोळ्यांचे काम पाहायला मिळाले तर भाग्य समजावे. दोन वर्षांपूर्वी मी एका मांडवात उभा होतो. दिवसभर हसत-बोलत काम करणाऱ्या त्या चिताऱ्याने कुंचला हातात घेतला, पोराला रेडिओ बंद करायला सांगितला आणि मूर्तीच्या चेहऱ्याच्या इतका जवळ गेला की त्याचा श्वास तिच्या गालावर लागत असेल. वरच्या पापणीची रेघ त्याने एका दमात ओढली. मग मागे सरकून मान वाकडी करून पाहिले आणि दुसऱ्या डोळ्याकडे वळला. दुसरा डोळा अवघड, कारण तो पहिल्यासारखा व्हावा लागतो. काम झाल्यावर त्याने रेडिओ पुन्हा लावला आणि मला विचारले, “काय शोधून राहिले भाऊ? बुकिंग करायचं आहे का?”

मूर्तींना हात न लावता, वाट न अडवता उभे राहिले तर कारागीर काम पाहू देतात. ऑगस्टच्या शेवटच्या दिवसांत मात्र प्रश्न विचारून त्यांचा वेळ घेऊ नये. वाळत असलेल्या मूर्तीला बोट लावून पाहण्याचा मोह मुलांना होतो. त्यांचा हात धरून ठेवावा. मातीचीच मूर्ती घ्यायची असेल तर तसे स्पष्ट विचारावे आणि महिनाभर आधी सांगून ठेवावी.

पाचवा टप्पा : इतवारी

सेंट्रल ॲव्हेन्यू ओलांडताना पुलाखालच्या सिग्नलची वाट पाहावी, धावू नये. पलीकडे गांधीबाग आणि इतवारी. महाल राज्यकर्त्यांचा आणि त्यांच्या कारभाऱ्यांचा, तर इतवारी पैशाची. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचल्यावर कापूस, धान्य आणि कापड यांच्या उलाढालीला जो वेग आला त्याचा ठसा येथील दुमजली पेढ्यांवर आहे. खाली दुकान, मागे गोदाम, वर कुटुंब, आणि समोर ओतीव लोखंडाचे कठडे असलेला सज्जा. महालातील लाकूड येथे लोखंडाला जागा देते, हा फरक चालता चालता नजरेत भरतो.

गांधीबागेत कापड, सराफा ओळीत सोने-चांदी, पुढे किराणा, धान्य, मिरची, लोखंड असे एकामागून एक बाजार लागतात. मिरचीच्या बाजारातून जाताना नाकाला दुपट्टा लावावा; ठसका लागला म्हणून कोणी हसले तर वाईट वाटून घेऊ नये. हमाल डोक्यावर किंवा हातगाडीवर माल घेऊन येत असेल आणि “बाजू, बाजू” अशी हाक आली, तर मागे वळून न पाहता आधी भिंतीला लागावे. खरेदी करायची असल्यास साडी किंवा मसाला घ्यावा. विणलेली नागपुरी साडी हवी असेल तर हातमागाची आहे का हे विचारून, काठाची मागची बाजू पाहून आणि दोन दुकाने फिरून मगच ठरवावे. येथल्या कोष्टी आणि हलबा विणकरांच्या मागांवर एके काळी सबंध वस्त्या जगल्या. ज्या सावजी जेवणासाठी नागपूरचे नाव घेतले जाते तेही याच विणकरांच्या घरांतून बाहेर पडलेले आहे.

मारबतीच्या दिवशी आलात तर

वर सांगितलेली सगळी आखणी वर्षातून एका दिवशी गुंडाळून ठेवावी लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, एकीकडे पोरे लाकडी बैल सजवून घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात आणि दुसरीकडे इतवारी भागातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले दोन मोठे पुतळे, मिरवत निघते. काळीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची मानली जाते. पिवळी मारबत जागनाथ बुधवारीतून निघते, तिच्यामागे तेली समाजाची परंपरा आहे. दोघींची गाठ नेहरू पुतळ्यापाशी पडते तेव्हा जो कल्लोळ होतो तो शब्दांत मावत नाही. “इडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!” ही आरोळी हजारो गळ्यांतून उठते. सोबत बडगे असतात. त्या वर्षीची महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, नेते, जे जे लोकांना सलते त्याचे पुतळे मिरवून शेवटी जाळतात.

काळी मारबत ही दुसऱ्या रघुजींची राणी बाकाबाई हिचे रूप असून, तिने इंग्रजांना साथ दिली म्हणून तिची धिंड काढली जाते, अशी लोकसमजूत आहे. बाकाबाईचा वृद्धापकाळ पाहिला तर खालसा झालेल्या राज्यासाठी आणि दत्तकाच्या मान्यतेसाठी अर्ज-विनंत्या करणारी हीच बाई होती, त्यामुळे या समजुतीत तिच्यावर थोडा अन्याय झाला आहे असे मला वाटते. मिरवणुकीत हे बोलू नये, कोणी ऐकणार नाही.

त्या दिवशी सकाळी आठच्या आधी पोहोचावे, मोबाइल आणि पाकीट पुढच्या खिशात ठेवावे, रंगीत होतील असे कपडे घालावेत. लहान मुले आणि वृद्ध सोबत असतील तर चौकात न थांबता ओळखीच्या कोणाच्या सज्जावर जागा मागून ठेवावी. इतवारीत ओळख नसेल तर ओळखीच्याची ओळख काढावी. नागपुरात ती दुसऱ्या फोनपर्यंत निघतेच.

परतीची वाट

इतवारीतून सेंट्रल ॲव्हेन्यूवर परत आले की अग्रसेन चौक किंवा चितारओळी चौक यांपैकी जवळचे मेट्रो स्थानक धरावे. पाय शिल्लक असतील तर सीताबर्डीला उतरून सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालयात जावे. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयाला आपण अजून अजबबंगला म्हणतो, आणि भोसलेकालीन शस्त्रे पाहायची असतील तर ती तेथे आहेत. संग्रहालय सोमवारी बंद असते.

ज्यांनी वही नेली असेल त्यांनी घरी आल्यावर टिपलेली नावे घरातल्या मोठ्या माणसाला वाचून दाखवावीत. माझ्या वहीत ‘भुतिया दरवाजा’ असे लिहिलेले पाहून आमचे काका म्हणाले, “तिकडून रात्री सायकलवर येताना आम्ही मोठ्याने गाणे म्हणायचो.” पुढच्या फेरीला ते बरोबर यायचे म्हणतात.